कलमनाना

औरंगपुऱ्यात फॉर्म भरायला निघालेल्या माणसानं दोन गोष्टींची तयारी ठेवलेली बरी. एक, सर्व्हर बंद असेल. दोन, कलमनाना हजर असतील. सर्व्हर अधूनमधून सुरू होतो. नाना बंद पडलेले मात्र अजून कुणी पाहिलेले नाहीत.

महात्मा फुल्यांच्या पुतळ्याकडून भाजीमंडईकडं निघालं की एका बोळाच्या तोंडाशी बंटीचं दुकान लागतं. पाटीवर ‘झेरॉक्स, लॅमिनेशन, पासपोर्ट फोटो, सर्व प्रकारचे ऑनलाइन फॉर्म’ असं लिहिलंय आणि खाली जागा उरली म्हणून ‘राख्या मिळतील’. पोराचं खरं नाव बंटी नाही. फॉर्मच्या दुकानातल्या पोराला बंटी म्हणायचं असा आमच्याकडं रिवाज आहे, आणि त्यालाही कुठल्या शासन निर्णयाचा आधार नाही. दुकानात दोन संगणक, एक कुरकुरणारा प्रिंटर आणि एक प्लॅस्टिकचं स्टूल. स्टूल नानांचं.

नाना महसूल खात्यातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. अंगात पांढरा सदरा, खिशाला दोन पेनं: निळं लिहायला, लाल दुसऱ्यानं लिहिलेलं दुरुस्त करायला. हातात रेक्झिनची पिशवी. तिच्यात १९६६ चा जमीन महसूल अधिनियम, २००५ चा माहिती अधिकार, २०१५ चा लोकसेवा हक्क, निवडक शासन निर्णयांच्या प्रती, फाइलीचे टॅग, टाचण्यांची डबी आणि ग्लुकोज बिस्किटांचा पुडा. निवृत्तीच्या दिवशी खात्यानं त्यांना शाल दिली, नारळ दिला आणि शिक्का काढून घेतला. शालीबद्दल आणि नारळाबद्दल नाना कधी काही बोलत नाहीत.

ते स्वतःचा फॉर्म भरायला येत नाहीत, दुसऱ्याचा बघायला येतात. गिऱ्हाइकाच्या खांद्यावरून पडद्याकडं बघत बसायचं, आणि रकान्याशेजारी ती बारकी लाल चांदणी दिसली की घसा खाकरायचा.

“कुठल्या कलमाखाली?”

“नाना, कलम नाही ते. स्टार आहे. स्टारवालं कंपल्सरी असतं.”

“कंपल्सरी कुणी केलं?”

“सिस्टीमनं.”

“सिस्टीम कुठल्या मतदारसंघातून निवडून आली?”

बंटी यावर उत्तर देत नाही. त्याच्या मागं बारा माणसं उभी असतात आणि प्रत्येकाला आजची शेवटची तारीख असते. पण नाना थट्टा करत नसतात. त्यांचं म्हणणं सरळ आहे. विधिमंडळ कायदा करतं. कायद्याखाली सरकार नियम करतं. नियम राजपत्रात छापतात, पुढं दोन्ही सभागृहांच्या पटलावर ठेवतात. आमदार ते वाचत नसतील, पण वाचायला ठेवलेले तरी असतात. ही लाल चांदणी कुठल्या पटलावर ठेवली होती? तिच्यावर हरकत घ्यायची मुदत कधी सुरू झाली आणि कधी संपली? आणि ती न भरणाऱ्याचं काम अडतंच, मग ती कायदा नाही तर काय आहे?

माझी आणि नानांची गाठ पडली ती घरनंबरावरून. मला एक दाखला हवा होता. कुठला आणि कुठल्या कचेरीचा ते सांगत नाही, काम अजून व्हायचंय. आमच्या जुन्या शहरात घरनंबर आडव्या रेघांचे असतात, तीन आकडे आणि मध्ये दोन रेघा. समजा, ४-१२-८५. रकाना रेघ घेईना. ‘विशेष चिन्हे चालणार नाहीत’ असं लाल अक्षरात आलं.

“रेघा काढून टाका सर,” बंटी म्हणाला. “सगळे तसंच करतात.”

काढल्या. ४१२८५ झालं. पुढच्या पानानं मालमत्ता कराच्या पावतीवरचा नंबर मागितला, तो रेघांसकट होता, आणि दोन्ही जुळत नाहीत म्हणून गाडी पुन्हा मागच्या पानावर. नानांनी पिशवीतून पाठकोरा कागद काढला आणि निळ्या पेनानं एकाखाली एक लिहिलं: ४-१२-८५, ४१-२-८५, ४-१-२८५.

“ही तीन घरं. रेघा काढल्या की तिन्हींचा नंबर एकच. उद्या यातल्या एकावर जप्ती आली तर तिघांनी भांडी आवरायची का?”

“मग मी काय करू?”

“नकार मागा.”

मी पडद्यावर नकार शोधू लागलो. तो कुठंच नव्हता. ‘पुढे जा’ हे हिरवं बटण फक्त राखाडी झालं होतं.

“बघा,” नाना म्हणाले, आणि त्यांचा आवाज एकदम प्रेमळ झाला. “लोकसेवा हक्क कायदा काय सांगतो? अर्ज घेतला की पोच द्यायची. पोच दिली की मुदत सुरू. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला, तर अपील. अपिलात चूक ठरली तर पदनिर्देशित अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार दंड. सगळं रीतसर. पण पोच नाही तर मुदत नाही. मुदत नाही तर उशीर नाही. नकार नाही तर अपील नाही. तुमचा अर्ज फेटाळलेला नाही, लेखकमहाशय. तुम्ही अर्जच केलेला नाही. सरकारदरबारी तुम्ही आज दिवसभर घरी झोपला होता.”

हे ऐकून मला त्या कायद्याबद्दल पहिल्यांदा आदर वाटला आणि बटणाबद्दल पहिल्यांदा भीती.

आता खरं सांगायचं तर नानांची स्वतःची कारकीर्द अशी होती, की त्यांच्या तोंडून नागरिकांच्या हक्काची भाषा ऐकून तालुक्यातली जुनी माणसं पान थुंकायला बाहेर जातात. नानांच्या टेबलावर गेलेली फाईल पहिल्या फेरीत पुढं सरकल्याची नोंद नाही. ‘त्रुटी पूर्तता करून फेरसादर करावे’ हे वाक्य त्यांच्या हाताला इतकं बसलं होतं की मुलीच्या लग्नाच्या पत्रिकेच्या मसुद्यावरही त्यांनी ते लिहिलं म्हणतात. साक्षांकन नाही, परत. पान क्रमांक नाही, परत. टाचणी डावीकडं हवी ती उजवीकडं, परत. मी एकदा धीर करून विचारलंच: “नाना, हे यंत्र करतंय तेच तुम्ही जन्मभर केलंत की.”

ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी बिस्किटाचा पुडा पुढं केला.

“केलं ना. मी काय कमी लोक अडवलेत? पण सही करून अडवलेत. शेरा, लघुस्वाक्षरी, तारीख. माझ्यावर नायब तहसीलदाराकडं जाता यायचं. त्याच्यावर तहसीलदार, त्याच्यावर प्रांत. फुलंब्रीकडची एक बाई माझ्या शेऱ्याविरुद्ध थेट आयुक्तांपर्यंत गेली होती. जिंकली. आदेशात माझं नाव आलं, हुद्द्यासकट. ‘अव्वल कारकून यांनी अनावश्यक त्रुटी काढली.’ प्रत आहे घरी.” ही प्रत ते देव्हाऱ्याखालच्या कपाटात ठेवतात, असं त्यांच्या सूनबाईंनी मला सांगितलं.

शहराचं नाव औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं त्या काळात नानांना ऐन म्हातारपणात हुरूप आला होता. बदलाच्या बाजूनं की विरोधात, ते त्यांनी आजवर कुणाला कळू दिलेलं नाही. त्यांचा जीव कार्यपद्धतीत. २४ फेब्रुवारी २०२३ ला केंद्राची संमती आली. जिल्हा, तालुका अशा महसुली भागांच्या नावांसाठी वेगळी प्रारूप अधिसूचना निघाली, हरकती-सूचना मागवल्या, विभागीय आयुक्तालयात दोन्ही बाजूंचे गठ्ठेच्या गठ्ठे येऊन पडले, सप्टेंबरात अंतिम राजपत्र आलं. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, ८ मे २०२४ ला याचिका फेटाळल्या गेल्या. “निकाल कुणाला पटला, कुणाला नाही पटला,” नाना म्हणतात, “पण हरकत द्यायला खिडकी होती. मी रांग बघायला मुद्दाम गेलो होतो.”

आणि मग ते बंटीच्या पडद्याकडं बोट दाखवतात. छत्रपती संभाजीनगर हे नाव इंग्रजीत लिहिलं तर मधली मोकळी जागा धरून पंचवीस अक्षरं होतात. कुठल्याशा खासगी सेवेच्या फॉर्मवर जिल्ह्याचा रकाना वीस अक्षरांचा होता. त्यात ‘छत्रपती संभाजी’ बरोब्बर बसलं आणि ‘नगर’ गळून पडलं. पत्त्याखाली जिल्ह्याच्या जागी साक्षात महाराज. दुसऱ्या एका यादीत औरंगाबाद दिसतं, पण ते बिहारमधलं. घाईत ते निवडणारा माणूस राहायला औरंगपुऱ्यात आणि जिल्ह्यानं बिहारात. “केंद्राच्या संमतीपासून राजपत्रापर्यंत सात महिने लागले,” नाना म्हणतात. “ह्या पठ्ठ्यानं पाच अक्षरं एका रात्रीत उडवली. हरकती मागवल्या का?”

दुकानात कुणी मतदान यंत्राचा विषय काढला की बंटी हळूच पंखा वाढवतो, कारण आता अर्धा तास जाणार. माणसं दोन बाजूंना होऊन भांडायला लागतात, आणि नाना दोन्ही बाजूंना गप्प करतात. यंत्र चांगलं की वाईट हा त्यांचा प्रश्नच नसतो. त्यांचा प्रश्न असतो: परूर माहीत आहे का? कुणालाच माहीत नसतं. मग नाना मांडी ठोकून बसतात, स्टुलावर जितकी ठोकता येते तितकी.

केरळात परूर नावाचा विधानसभा मतदारसंघ. १९८२ साली तिथं पन्नास केंद्रांवर मतदान यंत्रं लावली, देशात पहिल्यांदाच. शिवन पिल्लै एकशे तेवीस मतांनी निवडून आले. हरलेले ए. सी. जोस कोर्टात गेले. यंत्रात घोटाळा सिद्ध करायची गरजच पडली नाही. १९८४ साली सुप्रीम कोर्टानं म्हटलं, कायदा आणि नियम मतपत्रिकेचे आहेत, यंत्राला त्यात जागा नाही, आणि निवडणूक आयोगाला कायदा बाजूला ठेवता येत नाही. त्या पन्नास केंद्रांवर मतपत्रिका छापून फेरमतदान झालं आणि जोस निवडून आले. पुढं संसदेनं लोकप्रतिनिधित्व कायद्यात ६१-अ हे कलम घातलं, ते मार्च १९८९ मध्ये लागू झालं, आणि मग यंत्राला हक्काची जागा मिळाली.

“कळलं का?” नाना विचारतात. “यंत्र उत्तम चाललं असेल. नुसतं उत्तम चालून भागत नाही.”

आधारबद्दल त्यांचं मत याहून तिखट आहे. देशातलं पहिलं आधार कार्ड आपल्याच महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीच्या रंजना सोनावणे यांना २९ सप्टेंबर २०१० ला मिळालं. आधारचा कायदा आला २०१६ साली, तोही धन विधेयकाच्या वाटेनं, म्हणजे राज्यसभेला नुसत्या सूचना करता येणार, अडवता येणार नाही. २०१८ ला सुप्रीम कोर्टानं चार विरुद्ध एक मतानं तो उचलून धरला, काही कलमं छाटली. विरोधातलं एक मत न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूडांचं. “पोरगं सहा वर्षांचं झाल्यावर आईबापांचं लग्न लावलं,” नाना म्हणतात. “पोरगं गुणी असेल हो. पण मंगलाष्टकं म्हणताना भटजीला काय वाटलं असेल?”

नानांना यंत्राचा तिटकारा आहे असं मात्र समजू नका. संगणकाच्या एका पराक्रमावर त्यांचं निस्सीम प्रेम आहे, आणि तो म्हणजे २०१७ चं चावडी वाचन. सातबारे संगणकावर चढवताना राज्यभर चुका झाल्या होत्या, म्हणून सरकारनं ठरवलं की संगणकातला सातबारा गावात मोठ्यानं वाचून दाखवायचा. नाना तेव्हा निवृत्त झालेले. तरी पैठण तालुक्यातल्या आपल्या गावी एसटीनं गेले, फक्त ऐकायला. तलाठी गट नंबर वाचतोय, खातेदाराचं नाव वाचतोय, लोक ऐकतायत. एक म्हातारी मध्येच उठली. “माझ्या मालकाचं नाव रामा. तू राम म्हणालास.” तलाठी म्हणाला, आजी, एक काना राहिलाय फक्त. म्हातारी म्हणाली, राम माझा दीर, त्याच्याच पोरांशी आमची केस चालू आहे. काना जागेवर घालायचा शेरा तिथल्या तिथं लिहिला गेला. “संगणकाला गावानं उभं करून विचारलं,” हे सांगताना नानांचे डोळे पाणावतात. अर्थात त्याच वर्षीच्या कर्जमाफीत बँकांकडून सहासष्ट रकान्यांत माहिती मागवली होती, आणि ते रकाने कुठल्याच चावडीवर कुणी वाचले नव्हते, हेही ते लगेच जोडतात.

याच ओढीतून त्यांनी बंटीच्या दुकानात चावडी वाचन भरवलं. सर्व्हर बंद होता, माणसं आयतीच बसलेली. बंटीनं एकेक रकाना मोठ्यानं वाचायचा आणि उपस्थितांनी हरकत घ्यायची.

“ई-मेल आयडी, स्टार,” बंटीनं वाचलं.

“हरकत!” मंडईतले एक लसूणवाले काका म्हणाले. “मला ई-मेल नाही.”

“मग आजवर तुमचे फॉर्म कसे गेले?” नानांनी विचारलं.

बंटी पंख्याकडं बघायला लागला. मग चौकशीत निघालं, की ज्याला ई-मेल नाही त्याच्या रकान्यात बंटी स्वतःचा टाकतो. ज्याच्याकडं मोबाइल नाही त्याला स्वतःचा मोबाइलही देतो. म्हणजे सरकारी दप्तरात औरंगपुरा, गुलमंडी, पैठण गेट आणि समर्थनगरातल्या असंख्य नागरिकांचा पत्रव्यवहाराचा पत्ता बंटी आहे.

“उद्या यांना नोटीस निघाली तर ती कुणावर बजावली जाईल?”

“माझ्यावर.”

“तू वाचतोस का?”

“नाना, बावीस हजार न वाचलेले मेल आहेत.”

“मधले नाव, स्टार,” बंटीनं घाईघाईनं पुढचं वाचलं.

“हमारे में बाप का नाम बीच में नै रहता, मामू,” एक रिक्षावाले म्हणाले. “मेरा कैसा भरा था तू?”

“डॉट टाकला होता चाचा.”

नानांनी चष्मा काढला. “म्हणजे यांचे वडील टिंब?”

त्या दिवशी ई-मेल आणि मधलं नाव यांच्या चांदण्या बहुमतानं रद्द झाल्या. विरोधात एकटा बंटी. नानांनी इतिवृत्त लिहिलं, सगळ्यांच्या सह्या घेतल्या, लसूणवाल्या काकांनी अंगठा दिला. बंटीनं विचारलं, “आता काय करू?” नाना म्हणाले, “अंमलबजावणी.” “ती कशी?” नानांनी बिस्कीट खाल्लं. थोड्या वेळानं सर्व्हर सुरू झाला, आणि काकांच्या फॉर्मवर पुन्हा बंटीचा ई-मेल पडला.

नाना गंभीर झालेले मी एकदाच पाहिले, २०२५ साली, लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीच्या दिवसांत. बाईच्या आधारनंतर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार क्रमांक टाकायचा आणि त्याच्या मोबाइलवरचा ओटीपी सांगायचा, अशी रचना होती. नवरा गेलेला आणि वडीलही गेलेले, अशा बायकांनी ओटीपी कुणाला मागायचा? राज्यभर ओरड झाली, तेव्हा मुदत वाढली आणि अशा बायकांसाठी वेगळी सोय झाली. नानांनी त्या दिवसांत स्टूल सोडून दिलं होतं, बायकांना टेकायला. पिशवीतून योजनेचा २८ जून २०२४ चा शासन निर्णय काढून त्यांनी मला एक ओळ दाखवली. विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार, असे सगळे शब्द तिथं स्वच्छ छापलेले होते.

“शासनानं विधवेला घरात घेतलं,” ते म्हणाले. “रकान्यानं बाहेर काढलं. शासन निर्णय दुरुस्त करायचा तर सचिवाची सही लागते. हा विनासहीचा दुरुस्त झाला. आणि ज्यानं केला त्याला माहीतही नसेल की आपण काय केलं.”

दिवाळीत माझा भाचा पुण्याहून आला. हिंजवडीत सॉफ्टवेअर कंपनीत आहे, सरकारी कामंही केलेली आहेत. बोलता बोलता मी नानांचं नाव काढलं, आणि त्याला दुकानात नेलं. नानांनी त्याची उलटतपासणी सुरू केली. स्टूल मात्र त्याला दिलं नाही.

“ती चांदणी तुम्ही लावता?”

“आम्ही लावतो, पण ठरवत नाही काका. रिक्वायरमेंटमध्ये असतं.”

“ते कोण लिहितं?”

“आमचा अॅनालिस्ट.”

“त्याला कोण सांगतं?”

“क्लायंट. म्हणजे खातं. बैठक होते, मग मेल येतो.”

“मेलवर सही असते?”

“रिगार्ड्स असतं.”

“आणि मेलमध्ये नसेल तर?”

भाचा जरा घुटमळला. “मग जुन्या प्रोजेक्टचा फॉर्म घेतो. दुसऱ्या राज्याचा असतो कधीकधी. डेटाबेस रिकामा रकाना घेत नाही, म्हणून स्टार लावून टाकतो.”

नाना बराच वेळ काही बोलले नाहीत. दुसऱ्या राज्याचा कायदा महाराष्ट्राला लागू, आणि कारण काय, तर डेटाबेस रिकामं घेत नाही. वातावरण हलकं करावं म्हणून भाच्यानं सांगितलं की लॉरेन्स लेसिग नावाच्या अमेरिकन कायदेपंडितानं याच विषयावर १९९९ साली अख्खं पुस्तक लिहिलंय, संगणकाचा कोड हाच कायदा होऊन बसतो म्हणून. “पंचवीस वर्षं होऊन गेली,” नाना म्हणाले. “परिपत्रक नाही निघालं?”

आणि मग भाच्यानं सहज ते वाक्य बोलून टाकलं. “पण काका, कुणी लावला ते सापडतं हां. गिट नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कोडच्या प्रत्येक ओळीचा हिशोब असतो.”

त्यानं लॅपटॉप उघडला. कामाचं दाखवता येत नाही म्हणून स्वतःच्या कॉलेजातल्या एका जुन्या प्रकल्पाचं दाखवलं. फॉर्मच्या कोडच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीशेजारी नाव, तारीख, वेळ. एका ओळीवर त्यानं बोट ठेवलं. मोबाइल नंबर सक्तीचा करणारी ओळ. शेजारी त्याच्या मित्राचं नाव, रात्रीचे पावणेबारा, आणि शेरा: ‘सध्यापुरतं’.

नाना स्टुलावरून उठले. ई-केवायसीचे दिवस सोडले तर इतक्या वर्षांत दुकान उघडं असताना ते उठलेले बंटीनं पहिल्यांदाच पाहिले. त्यांनी चष्मा पुसला, पडद्याजवळ गेले आणि ती ओळ बोटानं वाचली.

“शेरा आहे,” ते म्हणाले. “सही आहे. तारीख आहे.”

“होय काका. कोण, कधी, कामून, सगळं. त्याला ब्लेम म्हणतात.”

“म्हणजे टिपणी आहे. दप्तर आहे. प्रत्येक चांदणीची जन्मपत्रिका आहे!” नानांचा आवाज बोळापर्यंत गेला. “मग हे आम्हाला कामून दाखवत नाहीत? नकार देता तर त्याखाली हे छापा. ‘रेघ चालणार नाही. कलम अमुक. मंजूर करणार अमुक, हुद्दा अमुक. अपील अमुक यांच्याकडं.’ एवढ्याला किती जागा लागते?”

“जागा लागत नाही,” भाचा म्हणाला. “कुणी मागितलंच नाही.”

त्याच संध्याकाळी नानांनी माहिती अधिकाराचा अर्ज लिहायला घेतला. माझ्याच घरनंबराच्या रकान्याबद्दल: रेघ न घेण्याचा निर्णय कुणाच्या मान्यतेनं झाला, त्याचा हुद्दा, तारीख, आधारभूत कलम, आणि संबंधित ओळीच्या नोंदीची प्रत. अडचण अशी की महाराष्ट्राच्या २०१२ च्या नियमांप्रमाणे अर्ज दीडशे शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. ज्या माणसानं बदलीच्या विनंतीला चौदा पानं लिहिली, त्याला दीडशे शब्द! मी म्हटलं, ही पण चांदणीच झाली की. “नाही,” नाना विशेषणं छाटत म्हणाले. “हे नियमात आहे, राजपत्रात आलंय. मूर्खपणाचं आहे, पण रीतसर आहे.” अर्ज ऑनलाइन करता आला असता. नानांनी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प चिकटवला, स्वतः जाऊन आवक खिडकीवर दिला आणि दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्क्याची पोच घेतली. ती पोच त्यांनी दोन दिवस सदऱ्याच्या खिशात बाळगली.

उत्तर मुदतीत आलं. माहिती नाकारली होती. संगणकप्रणाली कंत्राटदारानं विकसित केली असून मागितलेला तपशील वाणिज्यिक विश्वासार्हतेचा आहे, सबब कलम ८(१)(घ) अन्वये देता येत नाही.

मला वाईट वाटलं. मी सांत्वनाला गेलो, तर नाना दुकानात पेढे वाटत होते. ते पत्र त्यांनी बंटीकडून लॅमिनेट करून घेतलं होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत होते. “बघा, ह्याला नकार म्हणतात! कलम आहे. खाली सही आहे, ह्या सहीचा माणूस मी ओळखतो, चांगला आहे. कलम ७(८) प्रमाणे अपील कुणाकडं आणि किती दिवसांत तेही छापलंय. शाबास!” लसूणवाल्या काकांनी पत्र उलटसुलट करून पाहिलं आणि पेढा घेतला.

माझा दाखला अजून मिळालेला नाही. माहिती अधिकारात पहिलं अपील करायला तीस दिवस मिळतात. नानांनी ते दुसऱ्या दिवशी सकाळी दाखल केलं.